चौथा ठसा

मी तीन ठसे घेते. तीनच. चोवीस वर्षं तीनच घेत आले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका टीचभर डबीने मला सांगितलं की मी चार घेते.

ठसा म्हणजे काय ते आधी सांगते. भोसरी एमआयडीसीत आमची टेस्टिंग लॅब आहे. आजूबाजूच्या कारखान्यांतून लोखंडी तुकडे येतात आणि ते पुरेसे कडक झालेत का ते आम्ही बघतो. तुकडा मशीनच्या बैठकीवर ठेवायचा, हिऱ्याचं टोक त्याला टेकवायचं, दांडा ओढून दीडशे किलोचा भार द्यायचा, भार काढायचा आणि तबकडीवरचा काटा कुठे थांबला ते वाचायचं. तुकड्यावर मोहरीहून बारीक खड्डा उरतो, तो ठसा. तीन ठसे, तीन आकडे, त्यांची सरासरी आणि खाली सही, प्र. ओव्हाळ. प्र म्हणजे प्रभावती. या सहीवर चाकणला गाड्या बनतात, असं मी एकदा नातेवाइकांत बोलून गेले होते आणि लोकांनी ते फार दिवस लक्षात ठेवलं.

ती डबी आणली माझ्या भाच्याने. बुद्धरत्न, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वाकडला आयटीत आहे. झालं असं, की चाकणच्या गाड्यांच्या कंपनीने सगळ्या लॅबना पत्र पाठवलं: यापुढे आकडे हाताने लिहिलेले चालणार नाहीत. सगळ्यांचे आकडे एकाच साच्यात हवेत, कोणत्या मशीनवर, किती वाजता, कोणी, किती. आणि आलेला आकडा पुसता येता कामा नये. आमचं मशीन माझ्या नोकरीपेक्षा थोडंच तरुण. त्याला काटा आहे, वायर नाही. आमचे मालक दिग्विजय सर नवीन मशीनच्या विचाराने हवालदिल झाले होते, तेव्हा मीच मोठ्या तोंडाने म्हटलं, माझा भाचा करून देईल.

त्याने काट्यासमोर एक छोटा कॅमेरा बसवला, मागे ती डबी, आणि डबीत एक प्रोग्राम. काटा थांबला की कॅमेरा आकडा वाचतो आणि आपोआप नोंदवतो.

"हा प्रोग्राम कुणाचा?" मी विचारलं.

"कुणाचाच नाही. सगळ्यांचा. जगभरातल्या लॅबवाल्यांनी मिळून लिहिलाय, मावशी. कुणीही घ्या, वापरा, चुकलं तर सुधारा."

"आणि घेतात किती?"

"फुकट."

फुकट देणाऱ्या माणसाचा मला जन्मापासून संशय येतो. पण भाचा आपला, आणि त्याने शनिवारची सुट्टी घालवून काम केलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

पहिल्याच लॉटला घोटाळा झाला. गाडीचं चाक वळवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात. ते आर्म बाहेर भट्टीत कडक करून आमच्याकडे येतात. त्यांचा आकडा तीस ते चौतीस हवा. माझ्या डोळ्यांनी मी वाचले बत्तीस, बत्तीस, एकतीस. उत्तम. मी हातात पेन घेतलं आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली: सरासरी पावणेतीस, नापास.

खाली चार आकडे होते. चोवीस, बत्तीस, बत्तीस, एकतीस.

"हा चोवीस कुठून आला?" मी म्हटलं. कॅमेऱ्याची काच पुसली. दुसरा तुकडा घेतला. पुन्हा चार आकडे, पुन्हा पहिलाच कमी, पंचवीस. मी घेतलेलाच नाही असा आकडा मशीन माझ्या नावावर टाकत होतं. दुसऱ्या लॉटलाही तेच.

मी बुद्धरत्नला फोन करून झापलं. तो संध्याकाळी आला, जय भीम म्हणाला आणि तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"मावशी, याच्यावर चार ठसे आहेत."

"एक भट्टीवाल्याचा असणार. तेही त्यांच्याकडे तपासतात."

"प्रत्येक तुकड्यावर? भट्टीवाले शंभरातला एक तपासतात."

"मग तुझ्या कॅमेऱ्याला विचार!"

कॅमेरा काही ठसे पाडत नाही, हे मलाही कळत होतं. पण माझं मीच केलेलं मला आठवत नाही, हे मानायला डोकं तयार होईना. बावन्न वय. माझ्या आईला शेवटी शेवटी जेवलेलं आठवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दिग्विजय सरांनी केबिनमध्ये बोलावलं. या मुलाला मी चड्डीत लॅबभर धावताना पाहिलंय, त्याचे वडील नानासाहेब तेव्हा मालक होते. आता तो खुर्चीत रेलून हलक्या आवाजात बोलतो.

"प्रभाताई, राग मानू नका. इतकी वर्षं एकही लॉट नापास नाही, आणि कॅमेरा बसवल्यावर दोनच्या दोन नापास. लोक विचारणार. आधी आकडे जरा... सांभाळून लिहिले जायचे का?"

"सांभाळून म्हणजे?"

"म्हणजे काटा दोन रेषांच्या मध्ये असला की वरची रेष. असं सगळीकडे चालतं, मी काही म्हणत नाही."

माझ्या वडिलांनी पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं झाडू मारला आणि मला डिप्लोमा करू दिला तो कशासाठी, हे या मुलाला सांगून काय उपयोग? मी बाहेर आले आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन पुन्हा मशीनवर बसले, कारण तिसरा लॉट आला होता.

त्या दिवशी बुद्धरत्न ऑफिसला दांडी मारून आला. म्हणाला, "मावशी, तू तुझं काम कर. मी नुसता बसतो. स्क्रीनकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघतो."

मी तुकडा ठेवला, दांडा ओढला, सोडला. तुकडा सरकवला, दांडा ओढला, सोडला. पुन्हा. पुन्हा.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"तीन."

"तू आत्ता तोंडातल्या तोंडात काय म्हणत होतीस?"

"मोजत होते."

"मोठ्याने मोज बरं."

मी वैतागून दुसरा तुकडा ठेवला आणि दांडा ओढता ओढता मोठ्याने मोजलं. "लाभ. एक. दोन. तीन."

मी थांबले. तोही थांबला. दांडा माझ्या हातात होता आणि मला माझाच आवाज ऐकू आला होता.

"लाभ म्हणजे?" बुद्धरत्नने विचारलं.

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी लाभ म्हणते हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं, पण श्वास घेतो ते जसं माहीत असतं तसं. मला हे काम दत्तोबांनी शिकवलं. दिघीचे जुने शेतकरी, शेत गेल्यावर नानासाहेबांकडे लॅबला लागलेले. त्यांच्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आमच्या घरात धान्य रेशनच्या पिशवीतून यायचं, खळं मी पाहिलेलंच नाही. पण दत्तोबा मशीनवर पहिला ठसा घेताना लाभ म्हणायचे आणि मी त्यांच्या मागोमाग म्हणायचे. खळ्यावर लाभ मापात धरतात. दत्तोबांनी मशीनवर तो धरला नाही. लाभ घ्यायचा, सोडून द्यायचा, मग एकपासून लिहायचं.

म्हणजे मी चार घेत होते. आणि मी तीनच घेते असं शपथेवर सांगत होते. दोन्ही खरं होतं आणि मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते समजेना.

दिग्विजय सरांना मात्र सगळं लगेच समजलं. "मग सोपं आहे! पहिला काढून टाका. लॉट पास."

"पुसता येत नाही, सर," बुद्धरत्न म्हणाला. "बाजूला ठेवता येतो. पण त्याला कारण लिहावं लागतं."

त्याने एक चौकट उघडली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. हा आकडा का वगळला? एवढाच प्रश्न. काय लिहू? दत्तोबा वगळायचे म्हणून? आणि ते का वगळायचे? चोवीस वर्षांत मी त्यांना हे एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं दिघीला गेलो. दत्तोबा आता ऐंशीच्या पुढचे, व्हरांड्यात खुर्ची टाकून लष्कराच्या कुंपणाकडे बघत बसले होते. मला ओळखलं, बुद्धरत्नला माझा मुलगा समजले. मी विचारलं, लाभ का सोडायचो आपण?

"अगं, ते नानासाहेबांनी आणल्यालं पयलं मशीन न्हाई का? हिरवं. त्याची बैठक ढिली हुती. पयला ठोका दिला की मग ती बसायची, तवर काटा खोटं बोलायचा. म्हणून पयला सोडायचा. आन वाया जायाचाच हाय तर चांगल्या जागी कशाला? मानंपाशी द्यायचा, कडंला."

आर्मची मान म्हणजे तो जिथे बारीक होऊन वळतो ती जागा. मी लाभ मानेपाशीच घेते, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"पण काका, ते हिरवं मशीन कुठे आहे आता?"

"ते? भंगारात गेलं की. तू आल्यावर दोन-तीन वर्सांत. आता हाय ते नवं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजी तू अजून लाभ सोडतीस व्हय?"

मी मान डोलावली.

"का गं?"

घरी येताना रिक्षात मी बोटांवर वर्षं मोजत होते. वीस-एकवीस वर्षं जे मशीन ढिलं नव्हतं त्याचा ढिलेपणा मी सांभाळत होते. मग माझे आकडे खरे की खोटे? काटा पहिल्या ठोक्याला खोटं बोलत नसेल, तर तो चोवीस खरा होता का? डोक्यात नुसता गुंता झाला होता. एक टोक ओढावं तर दुसरीकडे गाठ.

सोमवारी बुद्धरत्नने पुन्हा सुट्टी टाकली. सकाळी सगळ्यात आधी मी प्रमाण ठोकळा काढला. हा एक पोलादी ठोकळा असतो, त्याचा कडकपणा आधीच ठरवून त्यावर कोरलेला असतो. मशीन बरोबर आहे का ते त्यावरून कळतं. आमच्या ठोकळ्यावर चाळीस आहे. मी पहिला ठोका दिला: चाळीस. दुसरा चाळीस, तिसरा चाळीस. बैठक मोकळी करून पुन्हा बसवली आणि पुन्हा पहिला ठोका दिला: चाळीस.

काटा खरं बोलत होता. मशीन चांगलं होतं, कॅमेरा चांगला होता. मग एकच गोष्ट उरली. मी आर्म घेतला आणि चारही ठसे मानेपाशी दिले. चोवीस, पंचवीस, चोवीस, चोवीस.

आर्मच मानेत मऊ होता.

"मावशी," बुद्धरत्न हळू आवाजात म्हणाला, "हे कधीपासून असेल?"

प्रत्येक लॉटमधला एक तुकडा आम्ही खणात जपून ठेवतो. मी खण उपसला. जानेवारीचा आर्म, मानेपाशी बत्तीस. मागच्या वर्षीचा, एकतीस. पाच वर्षांपूर्वीचा, बत्तीस. मी एकेक तुकडा घेत होते आणि माझा जीव थोडा थोडा जागेवर येत होता. लाभ सोडला काय आणि धरला काय, काही फरक नव्हता. माझ्या सह्या खऱ्या होत्या. मार्च ठीक. मे ठीक.

नऊ जून. मानेपाशी पंचवीस.

त्यापुढचे सगळे मऊ. जून-जुलैचे पाच लॉट. मी भट्टीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, हो ताई, जूनपासून नव्या टोपल्या आल्या, त्यात आर्म माना जुळवून रचतो, जास्त मावतात. माना एकमेकींना चिकटल्या की कडक करायचं तेल तिथवर पोचत नाही, हे त्याला फोनवरच उमगलं असावं, कारण मध्येच तो कुणावर तरी ओरडला, टोपल्या थांबवा रे.

पाच लॉट. प्रत्येक तुकड्याच्या मानेवर मी स्वतः हिरा टेकवला होता. काट्याने मला प्रत्येक वेळी पंचवीस, चोवीस दाखवलं होतं आणि मी लाभ म्हणून पुढे गेले होते. मला तो आकडा दिसलासुद्धा नव्हता.

दिग्विजय सरांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"ऑगस्टचे तीन लॉट परत पाठवू. भट्टीवाला सुधारेल. पण जून-जुलैचं... प्रभाताई, रजिस्टरमध्ये तीन आकडे आहेत. तिन्ही खरे आहेत. चौथा कुठे आहे? कुठेच नाही."

"तुकड्यांवर आहे."

"तुकडे आपल्या खणात आहेत." त्याने डोळे चोळले. तो वाईट माणूस नाही, त्याला रात्रभर झोप नव्हती हे दिसत होतं. "लॅब बंद पडेल. आणि नाव तुमचं जाईल, माझं नाही. चोवीस वर्षांची सही आहे तुमची. घालवू नका."

मला भीती वाटली. ती लपवण्यात अर्थ नाही. नोकरीची वाटली, आणि त्याहून जास्त, लोक काय म्हणतील याची वाटली. बहीण काय म्हणेल, आणि ज्यांना मी गाड्यांचं सांगितलं होतं ते काय म्हणतील. खिडकीतून चौक दिसत होता. एक टेम्पो वळत होता, माल जरा जास्तच भरलेला, आणि ड्रायव्हर दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवत होता. त्याला वाटत होतं की आपण फिरवतोय आणि चाक वळतंय. मधे काय असतं ते त्याला कुठे माहीत? ते मला माहीत असायला हवं होतं. त्यासाठीच मी होते.

मी बाहेर येऊन मशीनवर बसले. पाच तुकडे ओळीने मांडले आणि पाचांच्या माना पुन्हा मोजल्या, कॅमेऱ्यासमोर, वेळेसकट, माझ्या नावासकट. मग बुद्धरत्नला म्हटलं, ती चौकट उघड.

"ती आकडा वगळायची आहे, मावशी. तू तर वगळत नाहीयेस."

"कारण लिहायला दुसरी जागा आहे का?"

त्याने शेरा लिहायची जागा काढून दिली. मी लिहिलं: हा आकडा मी जून-जुलैमध्ये घेतला होता. लिहिला नव्हता. का ते तेव्हा मला माहीत नव्हतं. प्र. ओव्हाळ.

चाकणच्या कंपनीत जयमाला मॅडम आहेत, क्वालिटीच्या. मी फोन केला आणि पाचही लॉट नंबर सांगितले. त्यांनी ते पुन्हा वाचून दाखवले. मग म्हणाल्या, "तुमच्या रिपोर्टवर तर तीनच आकडे आहेत, आणि चांगले आहेत. हे तुम्हाला कळलं कसं?"

"चौथा मी लिहीत नव्हते."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"तीन लॉट स्टोअरला आहेत. एक लाइनवर आहे, थांबवते. एक बसवून झालाय." कागद चाळल्याचा आवाज आला. "चाळीस गाड्या बाहेर पडल्यात. बोलावून घ्याव्या लागतील. काही झाल्याची तक्रार अजून नाही." मग जरा कोरड्या आवाजात, "यापुढे तुमच्या लॅबचा रिपोर्ट घ्यायचा की नाही, ते मला वर विचारावं लागेल. तुमच्या सहीचंही."

"हो," मी म्हटलं.

दिग्विजय सर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. बुद्धरत्न मात्र संध्याकाळपर्यंत त्या प्रोग्राममध्ये काहीतरी करत बसला होता. म्हणाला, वगळलेले आकडेसुद्धा बरोबरच्यांशेजारी दिसायला हवेत, ते मी सगळ्यांसाठी घालतोय. त्या रकान्याला नाव काय देऊ? मी म्हटलं, मला नको विचारू, माझं डोकं दुखतंय.

चाकणहून निरोप यायला आठवडा लागेल म्हणाले. तो अजून यायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाल्याने नव्याने रचून कडक केलेले आर्म पाठवले. मी पहिला बैठकीवर ठेवला, मान हिऱ्याखाली आणली आणि दांडा ओढला. तोंडातून सवयीने लाभ निघालंच.

काटा बत्तीसवर थांबला. स्क्रीनवर आकडा आपोआप आला होता. तरी मी जुनं रजिस्टर उघडलं आणि तो माझ्या हाताने लिहिला.